ज्याचा त्याचा हंगाम

सफारी विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीकडे बारा महिन्यांचा एक तक्ता असतो. नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या तक्त्यात जुलै ते ऑक्टोबर हे चौकोन गडद रंगवलेले असतात आणि त्यांवर ‘सर्वोत्तम’ असे लिहिलेले असते. जानेवारी-फेब्रुवारी फिके. एप्रिल-मे मधल्यामध्ये लटकलेले. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे चालतात. आपल्याकडे वैशाखवणवा पेटलेला असतो तेव्हा तिथला पाऊस नुकता आटोपलेला असतो, रात्री गारवा धरू लागतो आणि शरद चालू असतो. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी या शरदात पडते. ज्यांच्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, अशा मराठी मंडळींपुढे मग दोनच वाटा उरतात. दिवाळीच्या सुट्टीत ‘सर्वोत्तम’चा शेवट गाठायचा आणि चढे भाव मोजायचे, नाहीतर मे महिन्यात जायचे आणि दिसेल ते पाहायचे.

आम्ही दोन्ही करून पाहिले. आधी ऑक्टोबर, आणि मग काही वर्षांनी एप्रिलअखेर.

ऑक्टोबरचा इटोशा नेब्राउनी नावाच्या पाणवठ्यावर पाहावा. ओकाउकुएयोच्या मुक्कामापासून तो फार लांब नाही. रस्त्याच्या अगदी कडेला चुनखडीच्या पांढऱ्या जमिनीत एक डबके, आणि आजूबाजूला नजर जाईल तिथवर गवताची काडी नाही. सकाळी दहाच्या सुमारास तिथे झेब्रे, स्प्रिंगबॉक हरणे, तलवारीसारख्या शिंगांचे गेम्सबॉक, शहामृग असा सगळा जमाव जमलेला असतो. मग हत्ती येतात. अंगाला पांढरी माती फासलेले, उन्हात भुतासारखे दिसणारे. हत्ती आले की बाकीच्यांनी मागे सरायचे, हा तिथला नियम. त्यांचे पिणे, डुंबणे, चिखल उडवणे तासभर चालले आणि तोवर झेब्र्यांची रांग उन्हात उभी होती. एक मादी आमच्या गाडीपासून दहा-बारा पावलांवर होती. पोटावरचे पट्टे बरगड्यांवर ताणले गेले होते आणि मानेवरची आयाळ एका बाजूला कलंडली होती. झेब्र्याची आयाळ ताठ उभी राहते ती मुळाशी असलेल्या चरबीच्या थरामुळे. चरबी झडली की ती पडते. तिचे शिंगरू पुन्हा पुन्हा पाण्याकडे निघे आणि ती त्याला दातांनी मागे ओढी. रस्त्याखालच्या मोरीत दोन सिंहिणी सावलीला पडून होत्या. त्यांना कुठे जायचे नव्हते, धावायचे नव्हते. जेवण चालत येणार होते.

त्या सकाळचे फोटो आमच्याकडे अजून आहेत आणि येणारा-जाणारा त्यांचे कौतुक करतो. एकाच चौकटीत पाच जातींची जनावरे. अशी साइटिंग ताडोबात जन्म गेला तरी व्हायची नाही.

एप्रिलअखेर आम्ही पुन्हा त्याच डबक्यापाशी गाडी उभी केली. डबके तुडुंब होते. काठावर बदकांची एक जोडी होती, आणि बराच वेळ दुसरे काही नव्हते. भोवतीच्या माळावर गवत कमरेइतके वाढले होते; वरून सोनेरी, बुडाशी अजून हिरवट. नवऱ्याने घड्याळ पाहिले, मग किमतीचा हिशेब मांडायला सुरुवात केली. आमचा चालक उत्तर नामिबियातला, ओवाम्बो. तिकडच्या रीतीप्रमाणे मला ‘मेमे’ आणि नवऱ्याला ‘ताते’ म्हणायचा. तो म्हणाला, “मेमे, आत्ता पाणी सगळीकडे आहे. इथे कशाला येतील?” खरेच होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचलेले होते आणि त्यावर खुरांचे ताजे ठसे होते.

इटोशाच्या मधोमध खाऱ्या मातीचे एक अफाट सपाट मैदान आहे, सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे. त्याला तिथे पॅन म्हणतात. चांगला पाऊस झाला तर उत्तरेकडच्या नद्यांचे पाणी त्यात पातळ पसरते आणि रोहित पक्षी येतात. एरवी ते कोरडे. पॅनच्या दक्षिण आणि पश्चिम काठाने, जिथे चुनखडी संपते आणि चिकणमाती सुरू होते, तिथे जमिनीतले पाणी आपोआप वर येते. साल्वाडोरा, ओकोन्देका हे पाणवठे असे नैसर्गिक झऱ्यांचे. मे ते सप्टेंबर आभाळातून जवळजवळ थेंब पडत नाही. खळगे आटतात, मग डबकी आटतात, आणि शेवटी एवढ्या मोठ्या मुलखात पाणी उरते ते या झऱ्यांवर आणि माणसाने खोदलेल्या विंधन विहिरींवर. गेम्सबॉक बरेच दिवस पाण्यावाचून काढू शकतो. दुपारी तो स्वतःचे अंग तापू देतो, घामात पाणी घालवत नाही. झेब्र्याला हे जमत नाही, त्याला जवळजवळ रोज प्यावे लागते. मोठ्या हत्तीला एका दिवसात शंभर-दीडशे लिटर पाणी सहज लागते. म्हणजे पर्यटकांच्या तक्त्यातला ‘सर्वोत्तम’ हा शब्द तहानेच्या नकाशावर काढलेला आहे. जनावरे दिसतात, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते.

हे आपल्याकडेही काही वेगळे नाही. ताडोबाला सर्वाधिक गर्दी एप्रिल-मेमध्ये होते, ४५ अंशांच्या उन्हात, कारण तेव्हा वाघ पाणवठ्यात बसलेला सापडतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरे मोजायची, ही आपल्या वनखात्याची जुनी प्रथा याच हिशेबावर उभी आहे. पावसाळ्यात जंगल पोटभर जेवत असते तेव्हा ताडोबाच्या गाभ्याचे दरवाजे आपल्यासाठी बंद असतात, आणि त्याबद्दल फारशी कुणी हळहळ करत नाही. इटोशा मात्र बारा महिने उघडा. सूर्योदयाला फाटक उघडते, सूर्यास्ताला बंद होते, मधल्या वेळात गाडीतून उतरायचे नाही. एवढे पाळले की कुठल्याही ऋतूत तुम्ही तिथे असू शकता.

तर शरदात काय दिसते? पहिले एक-दोन दिवस काहीच नाही, असेच म्हणावे लागेल. डोळ्यांना ऑक्टोबरची सवय असते. मोपानेच्या झाडांना अजून पाने असतात, फुलपाखराच्या पंखांसारखी जोडपाने, आणि त्यांआड हत्तींचा अख्खा कळप उभा राहिला तरी कळत नाही. झाडाझाडांमध्ये मोठ्या कोळिणींनी पिवळ्या सोन्यासारख्या धाग्यांची जाळी ताणलेली. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या जमलेल्या, युरोपला परतायच्या तयारीत. हीच जात आपल्याकडेही हिवाळ्यात येते, म्हणून ओळख पटली.

मग हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली. नामुटोनीच्या मुक्कामाच्या बाजूला काळ्या तोंडाच्या इम्पालांचा एक कळप होता. ही हरणे मूळची वायव्य नामिबिया आणि नैर्ऋत्य अंगोलातली. १९७०च्या सुमारास वायव्येकडच्या काओकोलँडातून पकडून आणून इटोशात सोडली, आणि आज त्यांची बरीच वस्ती इथेच आहे. दिवस लहान होऊ लागले की नर माजावर येतात. आमच्या गाडीसमोर एक नर रस्ता अडवून उभा होता. मान जाड झालेली, काळपट चमकणारी. त्याने डोके पुढे केले, जीभ बाहेर फेकली आणि नाजूक दिसणाऱ्या त्या हरणाच्या घशातून असा काही खर्जातला आवाज निघाला की लेकीने सिंह समजून माझा हात धरला. लागोपाठ फुत्कार, मग पुन्हा तो घरघराट. पांगलेल्या माद्यांना पाठलाग करून वळवायचे, दुसऱ्या नराला हाकलायचे, पुन्हा ओरडायचे. जवळजवळ तासाभरात त्याने एकदाही गवताला तोंड लावले नाही. माजाचे दिवस संपतात तेव्हा हे नर खंगलेले असतात आणि बिबळ्याच्या तावडीत सहज सापडतात, असे चालकाने सांगितले. ऑक्टोबरमध्ये इम्पाला पाणी पिऊन निघून जाताना पाहिले होते. त्यांना स्वतःचा असा काही उद्योग असतो, हे तेव्हा दिसले नव्हते.

आणि मग कोरी बस्टर्ड. हा आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद, एकाच वंशातला. नर १८ किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत वजनदार म्हणून त्याचे नाव घेतात. मी सोलापूरकडची. नान्नजच्या माळावर माळढोक पाहण्यासाठी वडिलांनी लहानपणी नेले होते. आता तिथे एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. इटोशाच्या गवतात कोरी एकेकटे फिरत होते, थोड्या-थोड्या अंतरावर, आणि त्यांचे कुणाला काही वाटत नव्हते. मागून येणारी गाडी क्षणभर थांबे, आम्ही ‘काय’ पाहतोय ते विचारी आणि पुढे जाई. त्या पक्ष्याची चाल मी ओळखली. पाऊल उचलायचे, हवेत धरायचे, मग जपून टेकवायचे, आणि प्रत्येक पावलागणिक मान किंचित मागे. गवतातून उडालेला नाकतोडा त्याने चोचीच्या टोकात धरला, वर फेकला, गिळला. नाकतोडे एवढे होते की दर चार पावलांना एक. नवरा म्हणाला, “अगं, किती वेळ?” मी म्हटले, “सिंहासाठी तू किती वेळ थांबला असतास, तेवढा.”

इथवर हे सगळे शरदाच्या बाजूने सरळ जाते. पण इटोशा इतका सरळ नाही.

मुळात पाणीही सरळ नाही. १९०७ साली जर्मन गव्हर्नर फ्रीडरिश फोन लिंडेक्विस्ट याने हे राखीव क्षेत्र जाहीर केले तेव्हा ते आजच्या कितीतरी पट मोठे होते. एकेकाळी त्याची हद्द अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचत होती. पाऊस पडला की कळप दूर पांगायचे आणि कोरड्या महिन्यांत झऱ्यांकडे परतायचे. या झऱ्यांभोवती हायओम सान लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९५४ साली त्यांना उद्यानातून बाहेर काढले. पुढे हद्दी आखडल्या आणि १९७३ पर्यंत चारी बाजूंनी कुंपण पूर्ण झाले. ज्या झेब्र्यांना आणि विल्डबीस्टना एरवी पावसामागे उत्तरेला जाता आले असते, त्यांच्यासाठी मुलूख तिथेच संपला. मग विंधन विहिरी आल्या, पवनचक्क्या आल्या, आता सौर पंप आहेत. आपण कोरड्या हंगामात ज्या पाणवठ्यापाशी कॅमेरा रोखून बसतो, तो पुष्कळदा असा बांधलेला असतो.

पाणी दिले यात वाईट काय, असे वाटेल. मलाही वाटे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. विहिरी आणि बंधारे मिळून शेकडो पाणवठे. उत्तरेकडच्या कोरड्या भागात रोन नावाचे दुर्मिळ मोठे हरीण राहायचे. पाणी नव्हते तोवर तिथे झेब्रे कमी, म्हणून सिंहही कमी. पाणी आले तसे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, आणि रोन १९८६ मध्ये सुमारे ४५० होते ते १९९३ पर्यंत ४५ वर आले. त्यानंतर क्रूगरने बरेच पाणवठे बंद केले. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरल्याच्या बातम्या येतात आणि खाली लोक हात जोडल्याची चित्रे टाकतात, तेव्हा मला ही ४५ ची संख्या आठवते. टँकर चुकीचा असे मला म्हणायचे नाही. ज्या जंगलाला आपण सगळीकडून वेढले आहे, तिथे पाणी न देणे हाही निष्ठुरपणाच. पण कुणाला पाणी दिले म्हणजे कुणाला काय दिले, हा हिशेब कुणीतरी करायला हवा.

दुसरी गाठ जास्त अवघड. ओकोन्देकाच्या वाटेवर एक मेलेला झेब्रा दिसला. गुटगुटीत, आयाळ ताठ. अंगावर शिकारीची खूण नाही, नाकातून काळसर रक्त आलेले. गिधाडे जमू लागली होती आणि काळ्या पाठीचे दोन कोल्हे शेपटीकडून कामाला लागले होते. चालक काचा वर करून म्हणाला, “अँथ्रॅक्स.” इटोशात हा रोग मुरलेला आहे. झेब्रे त्याने मरतात ते दुष्काळात नव्हे. ते मरतात पावसाळ्याच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, चारा सर्वांत चांगला असतो तेव्हा. कोवळे गवत जमिनीलगत खाताना मातीतले बीजाणू पोटात जातात. संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेली एक गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. मेलेल्या जनावराचे शरीर मातीत मिसळते तिथे पुढच्या पावसात गवत अधिक हिरवे, अधिक कसदार उगवते, आणि चरणारी जनावरे नेमकी त्या गवताकडे ओढली जातात. त्या मातीत बीजाणू वाट पाहत असतात. हत्तींचे अँथ्रॅक्सने मरणे मात्र बहुधा उलट्या टोकाला, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसांत.

इथल्या विल्डबीस्टचा इतिहासही असाच आहे. १९५४ मध्ये सुमारे २५,००० होते, १९७८ पर्यंत २,२०० उरले. कुंपण, रोग आणि शिकारी जनावरे अशा सगळ्यांनी मिळून ते केले. पर्यटकांच्या रस्त्यांसाठी मुरूम काढला, त्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याने अँथ्रॅक्स पसरला असा बराच काळ संशय होता. पुढच्या तपासणीत खड्ड्यांवरचा आरोप तितकासा टिकला नाही.

आणि सिंहाला विचाराल तर तो तक्ता लिहिणाऱ्यांच्या बाजूने बोलेल. गवत वाढले, पाणी पसरले, की त्याचे भक्ष्य चहूकडे पांगते. त्याचा सुकाळ ऑक्टोबरच्या मोरीत असतो. एप्रिलमध्ये त्याला आणि कोल्ह्याला अँथ्रॅक्सची मढी आधाराला येतात. मोरीतल्या त्या दोन सिंहिणी मला आळशी वाटल्या होत्या. वर्षातले कुठले महिने त्यांच्या पिल्लांना पोटभर मिळतात, हे पाहिले तर तसे म्हणवत नाही.

शिवाय दरवर्षी शरद असाच येतो, हेही गृहीत धरता येत नाही. २०२३-२४ चा पाऊस दगा देऊन गेला आणि मे २०२४ मध्ये नामिबियाने दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर केली. ऑगस्टमध्ये सरकारने वेगवेगळ्या उद्यानांतली ७२३ वन्य जनावरे मारायचे ठरवले, त्यांत ८३ हत्ती आणि ३०० झेब्रे. चरायला कमी असताना संख्या घटवायची आणि मांस दुष्काळग्रस्तांना वाटायचे, असा विचार. जगभरून टीका झाली. माझे मत विचाराल तर टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या दारात हत्ती येत नाही आणि चूलही थंड नसते. पुढच्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन गर्दीच्या हंगामात, इटोशात वणवा लागला आणि उद्यानाचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. आदल्या शरदात आम्हाला जे उंच गवत आडवे येते म्हणून नवरा कुरकुरत होता, तसले गवत सप्टेंबरपर्यंत वाळून कोलीत होते.

एक सांगायचे राहिले. ओकाउकुएयोच्या मुक्कामात दगडी भिंतीपलीकडे रात्रभर दिवे लावलेला पाणवठा आहे. ऑक्टोबरमध्ये तिथल्या बाकांवर बसायला जागा मिळत नाही, आणि काळे गेंडे एकामागून एक येतात. एप्रिलच्या शेवटी बाके जवळजवळ मोकळी होती. एक जर्मन जोडपे थर्मासमधला चहा पीत होते, लेक माझ्या मांडीवर झोपली होती. मध्यरात्रीच्या सुमारास एक गेंडा आला. शिंगे कापलेली, शिकारी चोरांनी मारू नये म्हणून वनखात्यानेच कापलेली. त्याने दोन-चार घोट घेतले आणि मग बराच वेळ नुसताच उभा राहिला. जर्मन गृहस्थ हळूच म्हणाले, याला तहान लागलेली दिसत नाही. नवरा तेव्हा पहिल्यांदा किमतीबद्दल काही बोलला नाही. सकाळी स्वागतकक्षातल्या नोंदवहीत, जिथे पर्यटक काय कुठे दिसले ते लिहितात, त्याने स्वतः ती नोंद केली आणि वेळसुद्धा लिहिली. वरच्या पानांवर नोंदी विरळच होत्या.

आता ओळखीतले कुणी विचारतात, कधी जावे. पहिलीच खेप असेल आणि बरोबर सिंहासाठी हटून बसलेले पोर असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरच बरा. मोरी न चुकता पाहा आणि झेब्र्यांच्या आयाळीही पाहा. एप्रिल-मेला निघणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, कारण पाऊस संपला तरी डास संपलेले नसतात. भाव उतरलेले असतात, पण म्हणून मुक्काम कमी करू नका, उलट एखादा वाढवा. दुर्बिणी दोन न्या, नाहीतर गाडीत भांडणे होतात. आणि मागच्या सीटवरून कुणी ‘तिकडे काहीतरी हललं’ म्हणाले तर गाडी थांबवा. निम्म्या वेळा तो वाराच असतो.